पडद्यावरील आंकडा आणि टाकींतील डिझेल

प्रवासाला निघतांना घर मागें ठेवून जावें लागतें, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. फराळाचे डबे भरावयाचे, शेजारीं किल्ली द्यावयाची, देवाला नमस्कार करावयाचा आणि उंबरठा ओलांडावयाचा. अमेरिकेंत मात्र उंबरठ्यासह प्रवासाला निघण्याची सोय आहे. ‘मोटरहोम’ नांवाचें जें वाहन तिकडे असतें, तें लांबीरुंदीनें आपल्या एस. टी.च्या गाडीएवढेंहि असूं शकतें. आंत चूल, शीतकपाट, स्नानगृह, बिछाने आणि थंड हवेचें यंत्र, असा सर्व संसार मांडलेला. मोठ्या मोटरहोमचें इंजिन बहुधा डिझेलवर चालणारें असून तें गाडीच्या मागच्या अंगास बसविलेलें असतें. चालक बसतो पुढें आणि इंजिन तीस-पस्तीस फूट मागें. त्यामुळें त्याचा आवाजहि चालकाच्या कानीं नीट येत नाहीं.

जें कानानें कळत नाहीं तें डोळ्यानें कळावें म्हणून चालकापुढें एक लहानसा पडदा असतो. इंजिनांतील संगणकाकडून येणारी माहिती एक सॉफ्टवेअर त्यावर मांडीत असतें. इंजिनाचे मिनिटास फेरे किती, पाण्याचें उष्णतामान किती, ताशीं किती डिझेल जळत आहे, एका गॅलनांत किती मैल पडत आहेत, टाकींत किती उरलें, आणि उरल्यावर अजून किती मैल जातां येईल, हें सर्व दशांशचिन्हापुढील दोन दोन अंकांसह तेथें दिसतें. हे आंकडे कितपत खरे मानावेत, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आपल्या घरांतील किती तरी मुलें-मुली आतां तिकडे नांदतात. आईवडील भेटीस गेले कीं त्यांना अशा गाडींतून फिरविण्याची हौसहि त्यांना असते. तेव्हां हा विषय वाचकांना अगदींच परका वाटूं नये.

एली गांवची रात्र

२०२४ सालच्या जुलै महिन्यांत आम्ही उभयतां कॅलिफोर्नियांत चिरंजिवांकडे गेलों होतों. त्यांनीं एका स्नेह्याचें डिझेल मोटरहोम पंधरा दिवसांकरितां मागून घेतलें आणि आम्हां सर्वांना यूटा संस्थानांतील लाल दगडांच्या दऱ्या दाखविण्यास नेलें. बरोबर सूनबाई, आठ वर्षांचा नातू आणि दीड वर्षाची नात. परतीच्या वाटेवर ग्रीन रिव्हर या गांवीं टाकी कांठोकांठ भरली. टाकी ७५ गॅलनांची. येथें गॅलन म्हणजे अमेरिकन गॅलन, ३.७८५ लिटरांचा, इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरांचा असतो. विलायतेंतील आंकड्यांशीं तुलना करणारानें हा फरक प्रथम ध्यानांत घ्यावा.

त्यापुढें सॅन राफेल स्वेल या वैराण पठारावर आम्ही दोन रात्री मुक्काम केला. तेथें विजेची सोय नाहीं. ऊन असें कीं दगडावर हात ठेववेना. नातीला उन्हाचा त्रास होऊं नये म्हणून गाडींतील जनरेटर लावून थंड हवेचें यंत्र जवळजवळ दिवसभर चालूं ठेवावें लागलें. नंतर पश्चिमेस निघून, डेल्टा गांव मागें टाकून, तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं नेवाडा संस्थानांतील एली गांवाबाहेर येऊन थांबलों. ग्रीन रिव्हरपासून ३३० मैल झाले होते.

एलीहून पश्चिमेस जाणारा रस्ता म्हणजे ५० क्रमांकाचा राजमार्ग. १९८६ सालीं ‘लाइफ’ मासिकानें यालाच अमेरिकेंतील सर्वांत एकाकी रस्ता असें म्हटलें आणि तेव्हांपासून तीच त्याची ख्याति झाली. एलीपासून युरेका ७७ मैल, युरेकापासून ऑस्टिन ७० मैल आणि ऑस्टिनपासून फॅलन सुमारें ११० मैल. मध्यें एकामागून एक डोंगरांच्या रांगा आणि रांगांमध्यें ओसाड खोरीं. बराच वेळ समोरून एकहि वाहन येत नाहीं आणि कित्येक ठिकाणीं दूरध्वनीहि लागत नाहीं.

रात्रीं जेवणानंतर चिरंजिवांनीं पडदा पाहिला. सरासरी, गॅलनाला ८.२ मैल. खर्च झालें ४० गॅलन. उरलें ३५ गॅलन. पल्ला २८५ मैल. ते म्हणाले, “नाना, उद्यां पहांटे चारला निघूं. ऊन तापायच्या आंत फॅलन गांठायचें. अंतर २५७ मैल आहे. एलींत पंपावर अर्धा तास मोडायला नको. वाटेंत ऑस्टिन आहेच. जरूर पडली तर तिथें भरूं.”

रात्रीं दोनच्या सुमारास जनरेटर एकदोन आचके देऊन बंद पडला. सगळे जागे झालों. चिरंजीव विजेरी घेऊन खालीं उतरले, दोन वेळां कळ दाबून पाहिली आणि परत आले. “गाळणींत कचरा अडकला असेल. उद्यां बघतों. तुम्ही झोपा.” परंतु शिक्षकाला, हिशेब जुळला नाहीं म्हणजे, झोंप येत नाहीं. मीं विचारलें, “अरे, हा जनरेटर डिझेल कोठून घेतो?”

“ह्याच टाकीतून.”

“मग पडद्यावरच्या चाळीस गॅलनांत त्याचें धरलें आहे काय?”

चिरंजीव स्वतः संगणकाच्या व्यवसायांतले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग उठून गाडीचें माहितीपुस्तक काढलें. त्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं जनरेटरची शोषण-नळी टाकीच्या तळापर्यंत गेलेली नाहीं. टाकी पावभर उरली म्हणजे त्या नळीचें तोंड उघडें पडतें आणि जनरेटर आपोआप थांबतो. मुक्कामांत वीज जाळतां जाळतां पुढच्या प्रवासाचें तेल संपूं नये, एवढ्यासाठींच ही योजना. जनरेटर बिघडला नव्हता. टाकींत केवळ पाव हिस्सा उरला आहे, एवढेंच तो सांगत होता. पुढच्या फळीवरील जुन्या पद्धतीचा कांटाहि पावावरच होता. परंतु “तो कांटा सगळ्याच गाड्यांत खोटें बोलतो,” म्हणून त्याच्याकडे कोणीं लक्षच दिलें नव्हतें.

सकाळीं एलींतच टाकी भरली. ५६.४ गॅलन डिझेल मावलें. म्हणजे उरलें होतें १८.६ गॅलन, ३५ नव्हे. तळचें तीन-चार गॅलन इंजिनालाहि ओढतां येत नाहीं, हें धरलें तर आम्ही सुमारें ११० मैल गेलों असतों. युरेका मागें तीस-बत्तीस मैलांवर, ऑस्टिन पुढें तितकेंच दूर, अशा ठिकाणीं दीड वर्षाची मूल घेऊन जुलैच्या उन्हांत उभें राहण्याची पाळी आली असती. डिझेलच्या इंजिनाचें आणखी एक असें कीं टाकी पूर्ण आटली म्हणजे नळ्यांत हवा शिरते. मग कोणीं डबाभर तेल आणून दिलें तरी ती हवा काढून टाकल्यावांचून इंजिन चालूं होत नाहीं.

आंकडा जन्मतो कोठें

घरीं परतल्यावर मीं या विषयाचा पिच्छा पुरविला. प्रथम शंका अशी कीं टाकींतून इंजिनाकडे किती डिझेल गेलें हें संगणक मोजतो कसें? उत्तर ऐकून मी चकित झालों. तो मोजतच नाहीं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें पहिलें यशस्वी इंजिन चालवून दाखविलें. त्यांत ठिणगीचें काम नाहीं. हवा इतकी दाबावयाची कीं ती तापते, आणि तीत तेलाचा फवारा सोडतांच तो पेट घेतो. जोर कमीजास्त करावयाचा तो फवाऱ्याचें प्रमाण कमीजास्त करून. आजच्या इंजिनांत हें प्रमाण संगणक ठरवितो. हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाबाखालीं तेल एका नळींत तयार असतें. फवाऱ्याची तोटी सेकंदाचा अत्यल्प अंश उघडावयाची व मिटावयाची, एवढीच आज्ञा संगणक देतो. दाब अमुक असतां तोटी इतका वेळ उघडी राहिली म्हणजे इतकें तेल गेलें असावें, असें कोष्टक त्याच्या स्मरणांत भरून ठेवलेलें असतें. त्या कोष्टकावरून तो बेरीज करीत जातो आणि तीच बेरीज पडद्यावर येते.

एक फवारा किती लहान असतो याचा हिशेब वाचकांनींच करून पाहावा. ताशीं ६० मैल वेग आणि गॅलनाला ७.८ मैल धरले तर तासाला ७.७ गॅलन, म्हणजे सुमारें २९ लिटर डिझेल लागतें. मिनिटाला होतात ४८५ मिलिलिटर. सहा नळकांड्यांचें इंजिन मिनिटास १५०० फेरे फिरत असलें तर एका फेऱ्यास तीन, म्हणजे मिनिटास ४५०० फवारे सुटतात. एका फवाऱ्याच्या वांट्याला येतें मिलिलिटरचा एक दशांश भाग किंवा थोडें अधिक; औषधाचे दोन थेंब म्हणा ना. तोटीचें तोंड वर्षानुवर्षांच्या वापरानें किंचित् झिजलें, किंवा डिझेल तापून पातळ झालें, तर त्या दोन थेंबांत जो सूक्ष्म फरक पडतो तो दर मिनिटास ४५०० वेळां बेरजेंत शिरतो. अशा गणितांत शेंकडा चार-पांचांची चूक निघाली तर नवल तें काय!

मग सरळ नळीवर मापकयंत्र कां बसवीत नाहींत? तर इंजिनाकडे तेल लागतें त्याहून पुष्कळ अधिक पाठवावें लागतें व उरलेलें टाकींत परत येतें. समजा, ताशीं ४० गॅलन गेलें आणि ३३ परत आलें, जळलें ७. दोन्ही मापकांत शेंकडा एकच चूक, पण विरुद्ध दिशांची असली, तर वजाबाकींत पाऊण गॅलनाचा, म्हणजे सातावर शेंकडा दहाचा, फरक पडतो. दोन मोठ्या राशींच्या वजाबाकींतून लहान राशि काढूं गेलें असतां चूक कशी फुगते, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

हें अनुमान संगणकाकडून पडद्यापर्यंत येतें तें एका ठराविक भाषेंत. बॉश या जर्मन कंपनीनें १९८६ सालीं वाहनांतील यंत्रांनीं एकमेकांशीं बोलण्याची एक पद्धति जाहीर केली. तिच्याच पायावर अमेरिकेंतील अभियंत्यांच्या संस्थेनें मोठ्या डिझेल वाहनांसाठीं ‘जे १९३९’ नांवाचा नियमसंग्रह केला. त्याप्रमाणें डिझेलचा खर्च तासाला ०.०५ लिटरच्या पायरीनें, पाण्याचें उष्णतामान एका अंशाच्या पायरीनें आणि टाकीची पातळी शेंकडा ०.४ च्या पायरीनें कळविली जाते. पायरी बारीक असली म्हणजे आंकडा बिनचूक होतो असें मात्र नव्हे. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत, पण पट्टीच मुळांत आंखूड कापलेली आहे, तर त्या खुणांचा उपयोग काय? सॉफ्टवेअर बिचारें दूताचें काम करतें. निरोप जसाच्या तसा पोंचवितें. निरोप खरा कीं खोटा याचा निवाडा तें करूं शकत नाहीं.

तेलाचा डबा आणि समई

परंतु एली येथील १६ गॅलनांच्या फरकांत इंजिनाच्या अनुमानाची चूक केवळ दोन गॅलनांची होती. उरलेले १४ गॅलन जनरेटरनें २४ तासांत जाळले. म्हणजे तासाला अर्ध्या गॅलनाहून थोडें अधिक. याचा पडद्याला पत्ताच नव्हता, कारण जनरेटर त्या संगणकाच्या ताब्यांत नाहीं.

आपल्या घरांतील उदाहरण घेऊं. सूनबाई फोडणीला रोज किती पळ्या तेल घालतात हें नीट टिपून ठेवतात आणि त्यावरून डबा महिना-अखेरपर्यंत पुरेल असें सांगतात. त्यांचें टिपण खरें, गणितहि खरें. परंतु त्याच डब्यांतून सासूबाई देवापुढच्या समईला तेल नेत असतील आणि तें कोणीं टिपीत नसेल, तर वीस तारखेलाच डबा खडखडेल. यांत खोटें कोणीच बोललें नाहीं. पळ्यांचा हिशेब हा फोडणीचा हिशेब होता. तो डब्याचा हिशेब आहे असें आपण समजलों, एवढीच चूक. मोटरहोममध्यें अशा समया एकाहून अधिक असूं शकतात. कित्येक गाड्यांत थंडीच्या दिवसांत खोल्या व स्नानाचें पाणी तापविणारी भट्टीहि त्याच टाकींतील डिझेलवर चालते. मालवाहू ट्रकाच्या मानानें मोटरहोमचा पडदा अधिक फसवा ठरतो तो यामुळें.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें सांगितलीं आहेत. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि आहे असें म्हणणें हें अनुमान. आणि तें निर्दोष आहे. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें उलट म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. इंधन ओलें असेल तरच धूर होतो. त्या ओलेपणाला नैयायिक ‘उपाधि’ म्हणतात. आमच्या पडद्यावरील ‘उरलें ३५ गॅलन’ हें असेंच सोपाधिक अनुमान होतें. टाकींतील तेल इंजिनावांचून दुसरें कोणीहि घेत नाहीं, ही त्याची न सांगितलेली अट. अट मोडली तेव्हां अनुमान गळून पडलें. ज्या कांट्याला आम्ही खोटा म्हणत होतों त्याचा तरंगता गोळा मात्र प्रत्यक्ष तेलावर बसलेला होता. टाकीचा आकार वेडावांकडा असल्यामुळें आणि चढउतारावर तेल एका बाजूस जात असल्यामुळें तो फारसा सूक्ष्म नसतो हें खरें. पण कोणीं का तेल नेलें असेना, तें कमी झालें हें त्याला कळतें.

मैलांची आणि सरासरीची फसगत

गॅलनाला मैल किती, या भागाकारांत भाजक जसा अनुमानाचा, तसा भाज्यहि सर्वस्वीं निर्दोष नसतो. गाडीचें मैलमापक चाकांचे फेरे मोजतें. चाकाची त्रिज्या सुमारें ५० सेंटिमीटर असली आणि झिजून एक सेंटिमीटर कमी झाली, तर तेवढ्याच अंतराला शेंकडा दोन फेरे अधिक पडतात. म्हणजे जुन्या टायरांवर गाडी चालली त्याहून अधिक मैल दाखविते आणि तेलहि पुरतें आहेसें वाटतें. राजमार्गावर मैलांचे फलक असतात. त्यांवरून ४०-५० मैल पडताळून पाहणें सोपें आहे.

दुसरी फसगत सरासरीची. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’च्या खातव्यवहारांत ओबडधोबड खड्ड्याचें माप काढण्यासाठीं अनेक ठिकाणच्या मापांची बेरीज करून ठिकाणांच्या संख्येनें भागावयास सांगितलें आहे. तेथें तें योग्यच आहे. परंतु कांहीं जण पडद्यावरील आंकड्यांनाहि तोच न्याय लावतात. समजा, घाट चढतांना ४० मैलांत गॅलनाला ४ मैल पडले आणि उतरतांना ४० मैलांत २० मैल पडले. सरासरी १२ म्हणावी काय? चढतांना १० गॅलन लागलें, उतरतांना २. एकूण ८० मैलांना १२ गॅलन. खरी सरासरी ६.६७, म्हणजे जवळजवळ निम्मी! एकूण मैलांस एकूण गॅलनांनीं भागावें. मधल्या भागाकारांची सरासरी काढूं नये. गाडी जागेवर उभी राहून इंजिन चालूं असतां मैल शून्य पडतात, पण तेल जळतच असतें, हेंहि या हिशेबांत यावें.

पडताळा कसा घ्यावा

तर मग त्या पडद्यावर फडकें टाकून ठेवावें काय? मुळींच नाहीं. घड्याळ रोज पांच मिनिटें मागें पडतें हें एकदां कळलें म्हणजे त्या घड्याळावरहि वेळेवर शाळेंत जातां येतें. अनुमानाला प्रत्यक्षाची जोड द्यावयाची, एवढाच उपाय.

प्रत्यक्ष म्हणजे पंपावरील माप. अमेरिकेंत वापरांतील पंपाला ५ गॅलनांमागें ६ घन इंच, म्हणजे सुमारें अर्धा टक्का, एवढीच सूट असते. तेव्हां तें माप पडद्याहून पुष्कळ विश्वसनीय. मात्र एकदांच टाकी भरून निर्णय करूं नये. डिझेलला फेंस येतो, गाडी किंचित् तिरपी उभी असते. त्यामुळें ‘टाकी भरली’ म्हणण्यांतच एकदोन गॅलनांचा संशय राहतो. ४० गॅलन भरले असतां दोन गॅलनांचा संशय म्हणजे शेंकडा पांच. जी चूक शोधावयाची तेवढाच संशय! परंतु पांच वेळां भरून एकूण २०० गॅलन झाले, तरी संशय फक्त पहिल्या व शेवटच्या भरण्याचा उरतो, कारण मधल्या कमीजास्तीची भरपाई पुढच्या वेळीं होते. म्हणजे तोच संशय शेंकडा एकावर येतो. पहिल्या व शेवटच्या वेळीं शक्य तर तोच पंप, तीच जागा, आणि तोटी आपोआप बंद झाली कीं थांबणें, इतकें पाळावें. उष्णतेनें डिझेल दर अंशास सुमारें ०.०८ टक्का फुगतें. म्हणून भर उन्हांत एक वेळ व कडाक्याच्या थंडींत दुसरी वेळ, असें करूं नये.

आम्हीं उरलेल्या प्रवासांत व पुढें चिरंजिवांनीं परत एकदां केलेल्या प्रवासांत हें केलें. नातवाकडे वही दिली. भरलेले गॅलन, मैलमापकाचा आंकडा, पडद्याचा आंकडा आणि जनरेटरच्या तासमापकाचा आंकडा, असे चार रकाने. जनरेटर मुद्दाम बंद ठेवला. पांच भरण्यांत १६४० मैल आणि २१० गॅलन झाले. पडद्यानें २०० गॅलन दाखविले होते. म्हणजे त्या गाडीचा पडदा शेंकडा पांचांनीं कमी खर्च सांगतो. सॉफ्टवेअरमध्यें असा गुणक लिहून ठेवण्याची सोय होती. तेथें १.०५ लिहितांच आंकडे जुळूं लागले. हा गुणक त्या एका गाडीचा. दुसऱ्या गाडीचा वेगळा निघेल, कदाचित् उलट दिशेचाहि निघेल. म्हणून दुसऱ्याचा गुणक उसना घेऊं नये. आणि जनरेटरचे तास गुणिले अर्धा-पाऊण गॅलन, ही वजाबाकी मात्र दर मुक्कामीं हातानेंच करावी.

पडद्याचा खरा गुण

शेवटीं पडद्याच्या बाजूनेंहि दोन शब्द लिहिणें न्यायाचें होईल. इंजिनांतील पाण्याचें किंवा गिअरपेटींतील तेलाचें उष्णतामान हें डिझेलच्या खर्चासारखें कोष्टकांतून काढलेलें नसतें. तेथें उष्णतामापक प्रत्यक्ष त्या पाण्यांत किंवा तेलांत बुडालेला असतो. फळीवरील कांटा पुष्कळदां मुद्दाम संथ केलेला असल्यामुळें बराच वेळ मधोमध स्थिर दिसतो. पडदा मात्र एकेका अंशाची चढउतार सांगतो. इंजिन मागें असलेल्या गाड्यांत उष्णता घालविणाऱ्या जाळींत रस्त्याची धूळ आणि तेलकट वाफ सांचत जाते. गेल्या वर्षीं ज्या घाटांत तितक्याच हवेंत ९५ अंश होते तेथें यंदा १०० झाले, तर जाळी धुवावयास झाली हें चालकानें ओळखावें. येथें आंकडा एखाद्या अंशानें चुकीचा असला तरी बिघडत नाहीं, कारण आपण त्याची तुलना त्याच्याच जुन्या आंकड्याशीं करीत असतों. डिझेलच्या खर्चाचेंहि तसेंच. तोच रस्ता, तोच वेग, आणि खर्च एकाएकीं शेंकडा दहांनीं वाढला, तर गाडीनें कांहीं तरी दुखणें काढलें आहे, हें पडदा पंपाच्या आधीं सांगेल. अपवाद इतकाच कीं पाणी गळून पातळी खालीं गेली तर उष्णतामापक उघडा पडतो आणि खरें उष्णतामान सांगेनासा होतो. म्हणून आंकडा एकाएकीं उतरला तरी निर्धास्त होऊं नये.

सारांश, पडद्यावर आंकडा दिसला म्हणजे त्याला तीन प्रश्न विचारावेत. तूं मोजलेला आहेस कीं अनुमानिलेला? तुझ्यांत कोणाचा खर्च धरलेला नाहीं? आणि तुझा पडताळा शेवटीं केव्हां घेतला होता? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं तर तो आंकडा उत्तम सेवक आहे. न मिळालीं तर पाव टाकी राहतांच पंपाकडे गाडी वळवावी, मग पल्ला कितीहि दिसो.

आमचे चिरंजीव आतां मुक्काम हलवितांना तासमापक पाहून नातवाला आंकडा सांगतात आणि नातू तो चौथ्या रकान्यांत लिहितो. एलीच्या त्या रात्रीं बंद पडलेल्या जनरेटरनें आम्हांला जो धडा दिला, तो वहींत असा उतरला आहे. वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें अशा गाडीनें प्रवासास निघत असतील त्यांनीं त्यांना एवढेंच कळवावें कीं, पडद्यावर काय दिसतें तें जरूर पाहा, पण टाकीवर आणखी कोण जेवतो आहे याचीहि विचारपूस करा. इत्यलम्।